लुदिव्हिनची दाढ

—नाही गं, बस, त्या काउंटरवरच्या बाईला अजून वीस मिनिटं तरी लागतील, माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांना ती दर वेळी एवढा वेळ लावते. मी म्हणत होतो ते तुझ्या हातातल्या खोक्यांबद्दल. दे इकडे, बघू. चष्मा— हां. ही दुखण्याची गोळी, आणि हे सर्दीचं सिरप, रात्री झोप लागावी म्हणून, बरोबर? तुला वाटतंय ही दोन औषधं आहेत. एकच आहे, पोरी. मागे वाच, बारीक अक्षरांत— ॲसिटामिनोफेन. इथेही तेच, तिथेही तेच. कुणी पॅरासिटामॉल म्हणतं, नाव काही का असेना. आणि घरी डोकेदुखीची म्हणून एक बाटली असेलच, त्यातही बहुतेक हेच. आहे ना? तुझा गाल सुजलाय म्हणून बोललो, नाहीतर मी लोकांच्या सामानात डोकं घालणारा माणूस नाही. दाढ ना? माझ्या बायकोचीही दाढच होती.

लुदिव्हिन तिचं नाव. बटाट्याच्या काढणीला आम्ही दोघं तेवीस वर्षं एकाच शेतावर जायचो— थिबोडो म्हणून मालक आहे, नदीकडच्या रस्त्याला— मी ट्रक चालवायचो आणि ती यंत्राच्या पट्ट्याजवळ उभी राहून बटाट्यांतले दगड वेचायची. दिवसभर, थंडीत, हादरे खात. त्यात दाढ ठणकायला लागली. तू सांग, तिथे उभं राहून काय करायचं माणसानं? तिनं खिशात गोळ्यांची बाटली ठेवली. दोन घेतल्या, तासभर बरं वाटलं, पुन्हा दोन. दिवसाला आठाच्या वर घ्यायच्या नाहीत असं बाटलीवर लिहिलंय, पण ठणका काय बाटली वाचतो? घरी आली की ते सिरप. मध्येच डोकं धरलं की डोकेदुखीची दुसरी बाटली. आणि पोटात काही नाही— चावताच येत नव्हतं, मी ब्वीटाची धिरडी करून द्यायचो, म्हणजे कुट्टूच्या पिठाची, ती एक तुकडा दुधात भिजवायची आणि बशी सरकवायची. मी म्हटलं, "घे गं आणखी दोन, वाण्याकडे मिळतात त्या गोळ्या, त्यांनी काय होतंय?" हे मी म्हटलं. मीच.

चौथ्या दिवशी ओकली. आम्हाला वाटलं, पोट बिघडलं. मग एक दिवस चक्क बरं वाटलं तिला, हसली सुद्धा, आणि मी मनात म्हटलं, चला, सुटलो. हे औषध असंच करतं म्हणे— आत लिव्हर जळत असतं आणि वरून माणूस बरा दिसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडच्या दारात उभी होती, ऊन तोंडावर, आणि थिबोडोची बायको ओरडली, "रेजां, हिचे डोळे बघ!" हळदीसारखे पिवळे. मी रोज तिच्यासमोर बसून जेवत होतो, पोरी, आणि डोळे दुसरीनं बघितले.

इथल्या दवाखान्यातून हेलिकॉप्टरनं मोठ्या दवाखान्यात नेलं. मला हेलिकॉप्टरमध्ये घेतलं नाही, मी पाच तास ट्रक हाकत गेलो. तिथली डॉक्टरीण माझ्या मुलीच्या वयाची, म्हणजे मुलगी असती तर. म्हणाली, यावर उतारा आहे, पण दोन दिवस आधी यायला हवं होतं. तरी दिला. लिव्हर बदलायच्या यादीत नाव घातलं. ती मला ओळखायची नाही— मला "बाबा" म्हणायची, हात झटकायची. सहा दिवस. आणि मग, कसं कोण जाणे, ते लिव्हर आपलं आपणच सुधारायला लागलं.

दाताच्या डॉक्टरकडे का नाही नेलं? हो, सगळे हेच विचारतात. एकच डॉक्टर आहे ना आपल्याकडे, तो रजेवर होता— असं मी सांगतो. तिलाही तेच सांगितलं होतं. तू अशी बघू नकोस. गुरुवारची वेळ मिळाली होती. सकाळी दहाची. शुक्रवारी हिमाचा अंदाज होता, अर्धा बटाटा जमिनीतच, पट्ट्यावर माणूस कमी पडलं असतं— मी फोन करून वेळ पुढच्या आठवड्यात ढकलली. बस. एवढंच. दवाखान्यातल्या नर्सनं तिची माहिती घ्यायला त्या दाताच्या डॉक्टरकडे फोन लावला, तिच्या खाटेशेजारी उभं राहूनच, आणि मोठ्यानं म्हणाली, "वेळ नवऱ्यानं बदलली होती का? बरं." लुदिव्हिन जागी होती. शुद्धीवर आलेला तो पहिला दिवस. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "असं होय, रेजां." भांडली असती तर मी पाय धरले असते.

घरी आली, तीन आठवडे राहिली, आणि गेली.

—नाही, नाही गं, तशी नाही. जिवंत आहे. लुइस्टनला बहिणीकडे गेली, ओदीलकडे. दोन वर्षं झाली. लोकांना मी नुसतं "गेली" म्हणतो, ते माझा हात दाबतात, कुणी डबा आणून देतं, आणि मी तो डबा ठेवून घेतो. रविवारी फोन करतो. ओदील उचलते. "झोपलीय," म्हणते. दुपारी दोन वाजता.

तुला कधीची वेळ मिळालीय? सोमवारची? तोवर त्या बाईला विचार किती घ्यायची, आणि काय काय घेतलंस ते सगळं सांग, लाजू नकोस. त्याआधीच दुसऱ्या गावचा डॉक्टर बघायचा तर मी नेतो, ट्रक बाहेरच आहे, मला आज काही काम नाही— उद्याही नाही— नको? हो, खरंय, अनोळखी माणूस. बरोबर आहे तुझं.

तुझं नाव पुकारतायत. जा. मला राग नाही आला, ऊठ, जा म्हटलं ना.