चौदावी कोंबडी

डॉक्टर : पंख दाबून धरा, वहिनी. एवढा एकच टाका राहिलाय. वाचेल ही पांढरी. आठ दिवस नुसता रुसवा असेल.

सासू : वाचली तर वाचली. डॉक्टर, जाता जाता त्या कुत्र्याच्या, पाहुण्याच्या, नाकालाही काहीतरी लावा. रक्ताळलेल्या नाकानं परक्याच्या दारी पाठवायला बरं दिसत नाही.

डॉक्टर : पाहुण्याला? कुठं पाठवताय त्याला?

सून : दगडखाणीवर. तिथल्या मुकादमाला राखणीला कुत्रं हवं होतं. आईंनी सकाळी फोन केला, अकराला गाडी घेऊन येतोय.

डॉक्टर : मावशी, खाणीवरची कुत्री बघितलीत कधी? हातभर साखळी असते. आणि ती मरेपर्यंत सुटत नाही.

सासू : मग काय मांडीवर घेऊन थोपटू? चार मारल्या आणि पाचवी पळवली. ज्यानं राखायचं त्यानंच खाल्लं. एकदा रक्ताची चटक लागली की कुत्रं सुधारत नाही, हे तुम्हीच मला कधीतरी सांगितलंय.

डॉक्टर : मी बरंच काही सांगत असतो. आत्ता मला तुम्ही सांगा. नक्की काय झालं?

सासू : सांगण्यासारखं काय आहे त्यात? सकाळी सहाला मी खुराड्याची कडी काढली. हा दाराशीच टपलेला. मला ढकलून आत घुसला. एकच कालवा झाला, फडफड, ओरडा. मी पडता पडता वाचले. मग हा कुंपणावरून उडी टाकून पलीकडे पळाला. परत आला तो तोंडाला पिसं आणि नाकाला रक्त घेऊन. अजून काय पुरावा पाहिजे?

डॉक्टर : वहिनी, तुम्ही कुठं होतात?

सून : स्वयंपाकघरात. आरडाओरडा ऐकून धावतच आले. खुराड्यात बसायच्या दांडीखाली चार पडलेल्या होत्या, मीच उचलल्या. आणि डॉक्टर, मघापासून एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाहीये. त्या गार होत्या.

सासू : मेलेली कोंबडी गारच असते.

सून : इतक्यात नाही, आई. मी पाच मिनिटांत पोचले. कापलेली कोंबडीसुद्धा हातात ऊब देते कितीतरी वेळ. या लाकडासारख्या ताठ झाल्या होत्या. रक्त काळं पडून वाळलं होतं.

डॉक्टर : मलाही तेच दिसलं. आणि मानेवर दोनच भोकं आहेत, एका बोटाच्या अंतरावर. पाहुण्याचा जबडा केवढा! त्यानं धरली असती तर पाठीत धरून झटकली असती, चिंध्या केल्या असत्या. हे काम बारीक तोंडाच्या जनावराचं आहे. आणि ते रात्री झालंय.

सासू : रात्री कडी लागलेली होती. मी स्वतः लावली.

डॉक्टर : जाळी?

सून : चारी बाजूंनी बघितली. कुठं फाटलेली नाही. उकरलेलं नाही. कडीसुद्धा सकाळी जागच्या जागी होती.

सासू : ऐकलंत? म्हणजे बाहेरून कोणी आलं नाही. सापडला तोच चोर.

डॉक्टर : बाहेरून आलं नाही, हे मला पटतं. मग ते आधीपासून आतच असलं पाहिजे.

सासू : उगाच काहीतरी. आत फक्त कोंबड्या होत्या. तीस वर्षं कोंबड्या पाळतेय मी. दिवसभर त्या मोकळ्या फिरतात, कोण कुठं चरतंय मी विचारत नाही. पण दिवेलागणीला मोजल्याशिवाय कडी लावलेली नाही, एक दिवस नाही. काल चौदा होत्या, बरोबर चौदा. आता नऊ जिवंत, चार मेलेल्या. तेरा झाल्या. चौदावी तांबडी, तिला घेऊन हा कुंपणापलीकडे गेला. हिशोब सरळ आहे.

डॉक्टर : तांबडीचं एखादं पीस तरी पडलंय का कुठं?

सून : नाही. पांढरी पडलीत, कबरी पडलीत. तांबडं एकही नाही.

डॉक्टर : अंगात आलेलं कुत्रं कोंबडी पळवेल आणि पीस सांडणार नाही? एवढं नीटनेटकं कुत्रं मी नाही बघितलं अजून.

सासू : तुम्ही दोघं त्याची वकिली करा. काल संध्याकाळपासूनच त्याची लक्षणं ठीक नव्हती. मी मोजायला गेले तर खुराड्यावर भुंकायला लागला. थांबेचना. दाराशी अंग टाकून मला आतच जाऊ देईना. शेवटी दोन काठ्या ओढल्या आणि मागच्या खांबाला बांधून टाकला.

सून : रात्रभर भुंकत होता, त्यात दुसरं काही ऐकूच आलं नाही. सकाळी दोरी चावून तोडलेली होती.

सासू : तेच म्हणतेय मी! रात्रभर त्याच्या मनात तेच चालू होतं.

डॉक्टर : मावशी, तुम्ही मोजता कशा?

सासू : कशा म्हणजे? सगळे मोजतात तशा.

सून : आई काठीनं मोजतात. दांडीवर बसलेल्या प्रत्येकीच्या पाठीला हलकेच काठी टेकवायची. ती 'कुर्र' करते, मग पुढची. छान ऐकू येतं बाहेरून. हजेरी घेतल्यासारखं.

सासू : अंधार असतो आत. दिवा नेला की बिथरतात.

डॉक्टर : बरोबर आहे. आणि तांबडीनं काल 'कुर्र' केलं?

सासू : ती खुडूक आहे. अंड्यांवर बसायचं वेड लागलंय, आठ दिवस पेटीतून हलत नाही. परवा तिच्याखालची अंडी मी काढून घेतली, तेव्हापासून तर जास्तच चिडलीय. खुडूक कोंबडी 'कुर्र' नाही करत. पेटीत काठी घातली तर गुरगुरली. खुडूक गुरगुरतेच. ती चौदावी.

डॉक्टर : पेटीत गुरगुरली.

सासू : हो.

डॉक्टर : वहिनी, खुडूक कोंबडी दिवसातून एकदाच जागेवरून उठते. म्हणून एकच, पण भला मोठा ढीग घालते, आणि वास तर विचारूच नका. फाटकातून येताना सरपणाजवळ माझा पाय जवळजवळ तसल्याच एकात पडला होता. ताजा होता. जरा लाकडांच्या मागं बघून याल?

सासू : कशाला? ती गेली. उगाच पोरीला पळवताय.

(सून जाते. डॉक्टर खुराड्यात वाकून अंड्यांची पेटी चाचपतात आणि काहीतरी चिमटीत धरून बाहेर येतात.)

डॉक्टर : हे बघा, मावशी. पेटीच्या कोपऱ्यात मिळालं.

सासू : पीसच आहे. कोंबड्यांच्या पेटीत दुसरं काय मिळणार?

डॉक्टर : जरा नीट बघा.

सासू : बघितलं की. पीस आहे, कबरीचं.

डॉक्टर : हातात घ्या.

सासू : हे... हे केस आहेत.

डॉक्टर : रानमांजराचे. मातकट, टोकाला काळे. काल दिवसा दार उघडं असताना ते अंडी खायला शिरलं असणार. मग कोंबड्या परतल्या, तुम्ही आलात, आणि ते पेटीत दबून बसलं. काठी लागली तेव्हा गुरगुरलं.

सून : आई! अहो, सापडली! तांबडी सापडली! सरपणाच्या मागं बसलीय, पोटाखाली बारा अंडी आहेत. बाकीच्या तिथं चोरून घालत असणार, आणि हिनं आयता संसार थाटला. मला चोच मारली बघा, केवढी!

सासू : जिवंत आहे?

सून : ठणठणीत. आणि काय गुरगुरतेय!

सासू : म्हणजे मी चौदावं ते मोजलं. मीच त्याला आत ठेवून वर कडी लावली.

डॉक्टर : कोणाचंही झालं असतं.

सासू : नाही, डॉक्टर. कोणाचंही झालं नसतं. बघणाऱ्याला पेटीत दोन डोळे चमकताना दिसले असते. सकाळी मेलेल्या चार पडलेल्या दिसल्या असत्या. सकाळी माझ्या पायांतून काहीतरी मऊ गेलं, मी म्हटलं कोंबडीच निघाली बाहेर. पाहुणा त्याच्यामागं धावला होता. तोंडाची पिसं खुराड्यात घुसताना चिकटलेली, आणि नाक फाडून घेऊन आला बिचारा. आणि मी त्याला खाणीवर विकायला... विकायला पण नाही, फुकट द्यायला निघाले. चोर सोडून संन्याशाला फाशी.

सून : आई, बसा जरा.

सासू : बसवू नकोस मला! तेच नको आहे. मला दिसत नाही गं. झालं, सांगितलं. समोरचा माणूस धुरासारखा दिसतो. तुझा नवरा म्हणालाच होता, डोळे अधू झाले की कोंबड्या बंद, ओसरीवर खुर्ची टाकून आरामात बसायचं. आराम! सकाळी उठून कडी काढायची नसेल तर मी उठू तरी कशाला? म्हणून बोलले नाही. आणि माझ्या या हट्टापायी चार जीव गेले.

सून : आपल्या मिठाचा डबा वर्षभर एकाच जागी का असतो, सांगा.

सासू : तुला टापटीप आवडते म्हणून.

सून : मला? माझं कपाट बघितलंय ना तुम्ही? मी कधी स्टूल वाटेत ठेवत नाही. तुमच्या पुढ्यात पांढऱ्या ताटलीत भात वाढत नाही. खुराड्यापर्यंतच्या वाटेवरचे दगड मी पावसाळ्यात उचलून टाकले.

सासू : म्हणजे तुला ठाऊक होतं?

सून : होतं. तुम्ही सांगाल म्हणून थांबले. थांबायला नको होतं, चूक माझीही आहे.

डॉक्टर : मी जनावरांचा डॉक्टर, माझं ऐकायचं तर ऐका. मोतीबिंदू असेल तर तो काढता येतो. माणसांच्या डॉक्टरला एकदा दाखवा. त्याच्यासमोर मात्र 'पीस आहे' म्हणून ठोकून देऊ नका.

सासू : किती वाजले?

सून : सव्वादहा. मी लावते मुकादमाला फोन. नंतर यायला सांगू का? की सरळ नाही म्हणू?

सासू : मीच बोलते. आकडे तेवढे तू दाब.

सून : घ्या. वाजतोय.

सासू : हॅलो, मुकादम? गाडी आणू नका... नाही, कुत्रं देणार नाही... नाही हो, दुसरं कोणी मागितलेलं नाही. त्यानं कोंबड्या मारल्याच नाहीत... मी सांगितलं होतं, हो. मला दिसत नाही, म्हणून तसं सांगितलं... हो. दिसत नाही मला. ठेवते.

डॉक्टर : येतो मी. पाहुण्याच्या नाकाला औषध लावलंय, चाटू देऊ नका. तसा तो ऐकणार नाहीच.

सासू : कुठं आहे तो? इकडे ये रे. ये. मारत नाही. अरे, किती शेपूट हलवतोस! काल दोन काठ्या खाल्ल्यास माझ्या, विसरलास होय?

सून : आई, संध्याकाळी मोजायला मीही येते.

सासू : तू मोजणार?

सून : नाही, मोजायचं तुम्हीच. मी नुसती बॅटरी घेऊन दारात उभी राहते. तांबडी सरपणात राहील, तिच्यावर टोपली घालू. आत नऊ भरल्या पाहिजेत.

सासू : आणि नऊ भरल्या, तरी पाहुणा भुंकला तर?

सून : तर पुन्हा एकपासून मोजायचं.