सरूबाईचा पत्रा

दिंडोशीच्या बसची रांग. माझ्या पुढे बालवाडी चालवणाऱ्या दोघीजणी, एकीच्या काखेत गुंडाळलेली ताडपत्री.

“वनमाला, शेठ बालवाडीचे सगळे पत्रे देत होता आणि तू नाही म्हणालीस?”

“त्याच्या दारूच्या गुत्त्यावर आपल्याच पोरांचे बाप पडलेले असतात, शेवंती. वर दारावर त्याचं नाव रंगवायचं म्हणे!”

“मग छप्पर कोण घालणार?”

“सरूबाईने पहिला पत्रा दिला ना.”

“एक पत्रा!”

“स्वतःच्या पडवीवरचा उतरवून दिला गं. ते बघून काल अख्खी गल्ली विचारायला आली, आमचा कधी नेता?”

“झकास! म्हणजे ही ताडपत्री आता नको.”

“हवी ना. सरूबाईची पडवी उघडी पडलीय. आधी तिकडेच जाऊ.”