झाकण बसत नाही, साहेब

झाकण बसत नाही, साहेब. तुम्ही दिलेला कचऱ्याचा मधला डबा मी दोन्ही हातांनी दाबते, आमचे हे वर बसतात, तरी चार बोटं उघडाच राहतो. झाकण उघडं दिसलं की तुमची माणसं मोठ्या डब्याचा आकार, म्हणजे जादा पैसे, लावून मोकळी. हे मी कचेरीत सांगितलं, जिन्यात सांगितलं, रस्त्यात गाडी अडवून सांगितलं. आज माईक मिळालाय, तर इथंही सांगते.

असो, रीत पाळते. आजचे अध्यक्ष म्हणजे नगरपालिकेचे मोठे साहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला जमलो ते कचरा खात्याचे आपले साहेब आणि वहिनी, गाडीवरचे सगळे भाऊ, आणि समोर बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो. आमच्या इमारतींतर्फे चार गोड शब्द बोल म्हणून मला उभं केलंय. गोड मला जमत नाही, हा विचार उभं करणाऱ्यांनी आधी करायचा होता.

पण खोटं बोलणार नाही. साहेबांनी काम केलं. त्यांच्या आधी सगळ्यांना एकच आकार होता. वरच्या मजल्यावर रोज पाहुणे, रोज खोकी. तळमजल्यावरची एकटी आजी टाकून टाकून काय टाकणार, चहाचा चोथा नि दोन साली. पैसे मात्र दोघांना सारखे. हा कुठला न्याय? साहेबांनी डबे आणले: लहान, मधला, मोठा. जेवढा डबा तेवढा आकार. लोक खवळले. याच हॉलमध्ये एकजण ओरडला, "आता काय कचऱ्याचंही माप काढणार?" साहेब शांतपणे म्हणाले, "दुधाचं काढता, तांदळाचं काढता, याचंच का नको?" आणि बूट काढून एका खोक्यावर उभे राहिले, चपटं कसं करायचं ते दाखवायला. मला तेव्हाच पटलं. जो जास्त टाकेल तो जास्त भरेल, यात चूक काय? आमच्या जिन्यात पहिला हात माझा वर गेला.

मग काय, चपटं करायचं वेडच लागलं. धडधाकट माणसं डब्यात उतरून नाचायला लागली. कचरा इतका ठासला, की गाडीवरच्या भावांना डबा उचलेना. एकानं मला विचारलं, "ताई, धोंडे भरलेत का यात?" म्हटलं, "धोंडे नाहीत रे, काटकसर आहे!" हसा, हसा. पण भावांच्या कमरेला विचारा, हसू येतंय का.

आता जे चपटं होत नाही, त्याचं बोलते.

गेल्या वर्षी आमच्या सासूबाई न्हाणीघरात पडल्या. खुबा मोडला, अंथरूण धरलं. त्यांना डायपर लागतात. पुढच्या रांगेनं नाक मुरडू नये, त्या वाटेनं आपल्याला सगळ्यांनाच जायचंय. डायपर भिजलं की फुगतं. त्याच्यावर उभं राहून दाखवा म्हणावं कुणी. आमचा डबा भरतो तो या डायपरांनीच. बाकी आमच्या घरात टाकण्यासारखं असतंच काय?

शेजारचे शिंपीमामा देवमाणूस. म्हणाले, "माझा डबा अर्धा रिकामा जातो, द्या एखादी पिशवी." दिली. तर मामांनाच ताकीद आली, दुसऱ्याचा कचरा आपल्या डब्यात घ्यायचा नाही म्हणून. नियम आहे. नियमाला शेजारी नसतो ना.

सासूबाई पडून असतात, पण कान शाबूत आहेत. झाकणावरून आमचं दोघांचं काय चालतं, ते सगळं त्यांना ऐकू जायचं. त्यांच्या उशाशी खिडकीत एक कुंडी होती. ते झाड अचानक मान टाकायला लागलं. उपटून बघते तर मुळं कुजलेली, मातीचा चिखल झालेला. आमचे हे म्हणाले, "तूच पाणी फार घालतेस." मी कुठलं घालतेय? आणि त्याच सुमाराला सासूबाईंची जीभ सुकली, बोलणं तुटक झालं. डॉक्टरीणबाई आल्या, हाताची कातडी चिमटीत धरली, म्हणाल्या, "यांच्या अंगात पाणीच नाही." मी म्हटलं, असं कसं होईल? मी ग्लास भरून ठेवते आणि रिकामा उचलते.

मग माझी नजर कुंडीकडे गेली.

"आई, पाणी झाडाला का घालता?" तर म्हणाल्या, "तेवढंच एखादं कमी लागतं गं. तुझं झाकण तरी बसेल."

साहेबांना हे कळलं, तेव्हा ते स्वतः घरी आले. खाटेशेजारी बसले, म्हणाले, "आजी, तुम्ही पाणी प्या, डब्याचं मी बघतो." अंथरुणाला खिळलेलं माणूस ज्या घरात आहे, त्या घराला एक जादा डबा, त्याला आकार नाही, असं लिहून पाठवलंही त्यांनी. त्याबद्दल साहेब, मनापासून आभार. तेव्हापासून मी विचारते, आणि ते सांगतात, "फाईल वर आहे." आज इथं येऊन बघते, तर वर म्हणजे कुठं? साहेबांच्या उजव्या हाताला, दोन खुर्च्या सोडून! अध्यक्षसाहेब, तुम्हीच ना ते वर? मान हलवलीत, बरं झालं. सगळ्यांनी बघितलं.

शनिवारी साहेब चार्ज देणार. नव्या साहेबांना ना ती खाट माहीत, ना ती कुंडी. त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगत बसायला माझ्या सासूबाईंकडे वेळ आहे का, ते तुम्हीच सांगा.

साहेब, तुम्ही सुखानं राहा, वहिनींना वेळ द्या. हे गुच्छ आणि भेटींची खोकी उद्या तुमच्याच डब्यात जायची आहेत, तेव्हा बूट काढायची तयारी ठेवा. मला बोलू दिलंत, आभारी आहे. जीभ कुठं घसरली असेल तर पोटात घाला.

पण अध्यक्षसाहेब, शुक्रवारी कचेरी बंद व्हायच्या आत मला उत्तर पाहिजे. हो म्हणा, नाही म्हणा; 'बघतो' म्हणू नका. हल्ली सासूबाई ग्लास हातात घेतात आणि आधी मला विचारतात, "साहेबांचं आलं का गं काही?" मगच ओठाला लावायचा की नाही ते ठरवतात. शुक्रवारी संध्याकाळीही विचारतील.

काय सांगू त्यांना?