टोपीतलं पाणी

तळ्यातल्या ताकिले बेटाच्या होडीची वाट बघत धक्क्यावर बसलेल्या बेनितानं कान टवकारले. मागे एक म्हातारा कुणा तरुणाला दरडावत होता.

"माझी पोरगी हवी ना, सिल्व्हानो? मग काढ ती टोपी. तूच विणलीस?"

"मीच, फाउस्तो काका."

"मग भर तिच्यात तळ्याचं पाणी. बेटाची रीत ठाऊक आहे ना? गळली तर लग्न विसर."

"इथं? सगळे बघतायत."

"बघू देत! ...हं. धरतेय की पाणी."

"सांगत होतो ना!"

"थांब. शेंड्याला ओलं दिसतंय."

"घाम असेल."

"घाम म्हणे! आण इकडे."

बेनितानं वळून पाहिलं. म्हातारा टोपीतलं पाणी घटाघटा पिऊन हनुवटी पुसत होता.

"तहान लागली होती रे. गळताना मी काही पाहिली नाही."

"मग सासरेबुवा म्हणू?"

"म्हण. पण बोंबलू नकोस. माझ्या वेळी माझ्या सासऱ्यालाही अशीच तहान लागली होती."