दोन गुहांचं पिल्लू

(वडसा. ओसरीवर काचेची बरणी. तिच्यात डोळे नसलेला फिकट गुलाबी मासा. भोवती रुखमा, तिची शिकलेली मुलगी दिव्या आणि नाटकात ढोलकी वाजवणारा जन्मांध मुलगा सुरज.)

रुखमा : सुरजचं लगन दीपिकासंगं? नाई म्हंजे नाई! पोरगी गुणाची हाये, नाटकात गाते तं अख्खा मंडप गप होते. पण तिले बी जन्मापासून दिसत नाई. लेकरू बी तसंच झालं म्हंजे?

दिव्या : म्हणून तं कॉलेजातून हा मासा आणला.

रुखमा : अगं बाई! ह्याले तं डोळ्याची जागाच नाई.

दिव्या : अंड्यात असते, डोळे बनाले लागते. मंग विरून जाते. ह्याचे पूर्वज नदीतले, डोळस. गुहेत अडकले अन् पिढ्यान् पिढ्या अंधारात राह्यले.

सुरज : अन् तरी काचेवर आपटत नाई?

दिव्या : पाणी हाललं का अंगाले कळते त्याच्या. बोट घाल.

सुरज : आला, आला! चाखून राह्यला बदमाश! माय, हा तं माह्यापेक्षा हुशार निंघाला.

रुखमा : कवतिक पुरे. लगनाचं बोला.

दिव्या : तेच सांगून राह्यली. एकाच गुहेतल्या दोघायची जोडी लावली, तं पिल्लं आंधळी. पण दूरदूरच्या दोन गुहांमधले आंधळे जोडले, तं काही पिल्लायले दिसते!

रुखमा : आंधळ्याच्या पोटी डोळस? काहीबाही सांगते!

दिव्या : शास्त्रज्ञायनं करून पाह्यलं, माय. दोघायचा बिघाड येगयेगळा. एकाजवळ जे मोडलं, ते दुसऱ्याजवळ धड. लेकराले दोहीकडून धड ते भेटते.

रुखमा : म्हंजे सुरजच्या लेकराले दिसन?

दिव्या : ते मी नाई सांगत. माणूस काही मासा नाई. नागपुरात दोघायचं रक्त तपासू. बिघाड एकच निंघाला, तं लेकरू बी तसंच होऊ शकते.

सुरज : होईन तं होईन. अंधारात वाट काढाले आमच्यावाणी मास्तर कुठी भेटन त्याले?

रुखमा : ...पाह्य कसा फिरून राह्यला बरणीत. मजेत.

दिव्या : मंग, माय?

रुखमा : तपासा रक्त. काई बी निंघो, नाटकाचा सीजन सरला का लगन लावू.

सुरज : माय... दीपिका दिसाले कशी हाये वो?

रुखमा : लय देखणी हाये, बाबू. नातू सांगनच तुले. नाई तं मी हाये सांगाले.