चेलोवाले सर आणि आम्ही तिघं लबाड

अध्यक्षस्थानी असलेल्या मुख्याध्यापिकाबाई, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलोय ते आपले गणिताचे सर, पहिल्या रांगेत बसलेल्या सरांच्या सौभाग्यवती, म्हणजे आमच्या वहिनी, शिक्षकवर्ग आणि मित्रहो,

मी दातांचा डॉक्टर. एरवी समोरच्याचं तोंड उघडं आणि बोलणारा मी एकटा. आज एवढी मिटलेली तोंडं पाहून जरा धास्तीच वाटतेय.

सरांच्या गणिताबद्दल आधीचे वक्ते बोललेच. मी बोलणार आहे रविवारच्या सरांबद्दल. गेली एकोणीस वर्षं दर रविवारी सकाळी दहाला आम्ही चौघं सरांच्या बाहेरच्या खोलीत जमतो. वकीलबाई आणि मी व्हायोलिन, टेलरमास्तर व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, आणि सर चेलो, म्हणजे खुर्चीत बसून गुडघ्यांमध्ये धरायचं ते भलंमोठं व्हायोलिन. ऐकायला कोणी नाही. कोणी असू नये हीच अट! सोफा भिंतीला सरकवायचा, जेवणाच्या टेबलाच्या चार खुर्च्या आणायच्या आणि वाजवायचं. नियम एकच, चुकलात तरी थांबायचं नाही.

आता एक गुन्हा कबूल करतो. लय वाढली, की मी गज तारांपासून केसभर वर धरून नुसता हलवायचो. चेहरा मात्र असा, की बघणाऱ्यानं म्हणावं, काय तयारी आहे! वाटायचं, बाकीचे तिघं वाजवताहेत, आपलं खपून जातंय. एका रविवारी अशीच अवघड जागा आली, मी गज उचलला, आणि खोलीत एकदम चिडीचूप! तीन गज जोरजोरात हलताहेत आणि आवाज म्हणाल तर शून्य. आतून वहिनींनी विचारलं, "झालं का? चहा टाकू?"

वकीलबाई लालबुंद. टेलरमास्तर उगाच खुंट्या पिळायला लागले. सर चेलोवर हनुवटी टेकवून म्हणाले, "म्हटलं, इतकी वर्षं तुम्ही तिघं मनापासून वाजवताय, आज जरा थांबून ऐकावं!"

रागावले का? छे! खिशातली पेन्सिल काढून त्यांनी चौघांच्याही स्वरलिपीच्या कागदावर लिहिलं, 'इथे सर्वांनी गप्प बसावे.' तेव्हापासून तिथे आम्ही चार मात्रा अगदी मन लावून गप्प बसतो. तेवढी एकच जागा आमची कधी चुकत नाही.

आता सर मुलाकडे राहायला चाललेत, चार तासांच्या अंतरावर. गेल्या महिन्यात म्हणाले, "तिकडे सोबतीला कोणी नाही. वाजवणं बंद. चेलो शाळेला देऊन टाकतो." आम्ही विनवलं, भांडलो. पण सर कसले ऐकताहेत! शेवटी वहिनींनी मला बाजूला घेतलं. "भाऊजी, हातात काही नसलं तर हे स्वयंपाकघरात येऊन बटाट्याच्या फोडी सारख्या झाल्यात का ते मोजतील. आणि खरं सांगू? परवा चेलोची पेटी पुसताना यांचे डोळे भरले होते. काहीतरी करा हो."

तर मुख्याध्यापिकाबाई, मघाशी टाळ्यांच्या गजरात आपण जी पेटी स्वीकारलीत, तिच्यात चेलो नाही.

सर, उठू नका. बसा! पेटीत टेलरमास्तरांकडची कोटाची कापडं आहेत, वजन जुळावं म्हणून. चेलो दुपारीच तुमच्या सामानाच्या ट्रकमध्ये चढलाय, दोन गाद्यांच्या मध्ये. गुंडाळला कोणी? वहिनींकडे असं बघू नका, त्या कबूल करणार नाहीत. शाळेसाठी मुलांच्या हाताला झेपेल असा नवा चेलो सोमवारी येतोय. ही पेटी तेवढी जाताना आम्ही परत नेऊ.

राहता राहिली सोबत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही तिघं तिकडे येणार. सूनबाईंना विचारून झालंय. सर, तुमच्याशिवाय आम्हाला वाजवता येत नाही, आणि हे तुमच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही.

आपण सगळ्यांनी निमूटपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. चोरीबद्दल मात्र माफी मागणार नाही.