जंपरला पाणी देताना

माझं नाव गोदा. माहेर पवनेच्या खोऱ्यातलं, लोहाराचं, आन् दिली ती बी लोहारालाच, हितं रिहे गावात. लोहाराच्या पोरीला लगीन म्हंजे एक घण ठेवायचा आन् दुसरा उचलायचा, बाकी काय बदलत न्हाई. बाप सांगायचा, शेतकऱ्याची बाई शेतात वाकती, आपली बाई घणासंगं वाकती, फरक येवढाच की शेतकरणीला सावली मिळती कदी कदी, आपल्याला सावलीतच इस्तू. मी आले तवा सासू न्हवती, सासरा व्हता, आन् दोन भाऊ. थोरलं दीर घोटवड्यात ऱ्हायचं, आमचं मालक धाकटं, रामा त्यांचं नाव, आता नाव घेतलं तर घेतलं, तुला सांगायला काय. सासरा मरताना म्हणाला, ऐरण रामाकडं ऱ्हाऊ दे, त्याचा हात बरा हाय, पर जो काम करील त्याची ऐरण, कुणी आडवून ठिऊ नये. थोरल्याकडं आगगाडीच्या रुळाचा एक तुकडा व्हता, त्याच्यावरच ते नांगराचं फाळ ठोकायचं. मनात कायम आमची ऐरण. बोलायचं न्हाईत, पर आलं की आधी ऐरणीवर हात फिरवायचं, मग रामाला म्हणायचं, काय रं, बरा हायेस का.

सुरवातीला आमच्याकडं विळं, कुऱ्हाडी, बैलगाडीच्या धावा, हेच काम. मग पौडाकडं पक्की बांधकामं निघाली. एक दवाखाना बांधाय घेतला, भिंती विटेच्या आन् वर काँक्रीटचा सल्याब, आमच्या गावातली माणसं कामाला जायची ती बघून येऊन सांगायची, वर चालता येतंय म्हणं त्याच्यावर, कौल न्हाई काय न्हाई. त्या कामावर किसन गवंडी व्हता, आमच्याच आळीतला, मला वैनी म्हणायचा. विजेच्या तारा न्यायला, नळ न्यायला भिंतीत भोकं पाडायची ती त्याच्या गळ्यात पडली, कारण दुसरं कुणी ते किचकट काम घेईना. भोक पाडून त्यात लाकडाची गुट्टी ठोकायची, मग गुट्टीत खिळा. भोक पाडायला जंपर लागतो. जंपर म्हंजे हातभर दांडा, टोकाला धार, हातोडीनं ठोकत जायचा आन् फिरवत जायचा.

किसननं पैल्यांदा एकच जंपर करून मागितला. आमचं मालक हसलं. म्हणलं, येका डावानं भाकरी बी थापशील आन् आमटी बी ढवळशील का रं? विटेला टोकाचा जंपर देऊ नये, वीट मऊ, टोक घुसतंय, आडकून बसतंय, आन् तू उपटाय गेलास की विटेचा खपला हातात. विटेला नळी घे. लोखंडी नळीच्या तोंडाला कानशीनं दात पाडून देतो, विटेचं पीठ नळीत जातंय, मधनं मधनं काढून आपटायची. काँक्रीटला ती नळी लावलीस तर पयल्याच खडीवर दात बोथट. तितं भरीव पोलाद पायजे, टोकाला चार धारा, फुली काढल्यागत. आन् घाव बेताचा घाल, राग काढू नको, दर घावाला जंपर जरा फिरव म्हंजे भोक गोल पडंल. आत सळई लागली की आवाज बदलतो, मग हट्ट करू नको, बोटभर बाजूला सर. किसन म्हणाला, रामभाऊ, तुमी दवाखान्यात कदी आला न्हाई आन् आतल्या सळया बी बघितल्यासारखं बोलताय. मालक म्हणलं, दवाखान्यात मला नेऊ नको बाबा, तितं जातंय ते माणूस परत येत न्हाई.

हे मी हसून सांगतीया, पर त्यांची डॉक्टरची भीती खरीच व्हती, आन् फुडं तीच नडली.

आता पाणी देणं म्हंजे काय ते सांगते, न्हाई तर फुडचं कळायचं न्हाई. टोक लाल करायचं, टोकच तेवढं पाण्यात बुडवायचं, काढून दगडावर घासून उजळ करायचं. मग मागच्या अंगातली ऊब टोकाकडं सरकती आन् उजळल्या पोलादावर रंग चढायला लागत्यात. आधी पिवळा, गव्हाच्या काडासारखा, मग गुळाचा, मग वांग्याचा, मग निळा. पायजे त्या रंगाला पुन्ना पाण्यात. काळ्या दगडाला गुळाचा रंग चालतो, काँक्रीटला वांग्याचा पायजे. पिवळ्यावरच बुडवलं तर पोलाद काचंवाणी हुतंय, घाव बसला की टोक उडतंय. निळ्याच्या फुडं गेलं तर मऊ पडतंय, मुडपून जातंय. आन् हे रंग लई कोवळं, पाण्यावरच्या तेलाच्या तवंगागत, डोळा मिटून उघडंस्तवर पळत्यात.

किसनचं जंपर माघारी यायला लागलं. येक मुडपलेला, येक टोक गेलेला. मालक म्हणायचं, पोलाद खोटं हाय, बाजारातली माणसं आजकाल जुन्या पहारी म्हणून काय बी विकत्यात. मी बी म्हणायची, व्हय, खोटंच आसंल. पर मी समोर घण घेऊन उभी असायची ना बाई, मला दिसायचं. टोक पिवळं असायचं आन् ह्यांनी बुडवलेलं असायचं. येक दिवस माझ्या तोंडातनं आपसूक गेलं, अवो, वांगं न्हाई झालं अजून. ते थांबलं. माझ्याकडं तोंड केलं, पर माझ्याकडं न्हाई बघितलं, माझ्या खांद्याच्या पल्याड कुटं तरी. मग हळूच म्हणलं, झालं की सांग.

येवढंच. पुन्ना त्याच्यावर आमी कदी बोललो न्हाई. लाल इस्तू त्यांना दिसायची, लाल लोखंड दिसायचं, घाव बराबर बसायचा, पर ते कोवळं रंग दिसत न्हवतं. मोतीबिंदू म्हणत्यात तसं बुबुळावर दुधट आलेलं. मी दोनदा म्हणलं, पुण्यात कापत्यात म्हणं डोळं, जाऊया. म्हणलं, कापून आलेला येक माणूस मी बघितलाय, त्याचं व्हतं ते बी गेलं. आन् गावाला कळलं की आंधळ्याकडं कोण फाळ टाकील, आन् दादाच्या कानावर गेलं तर ऐरण उचलून नेईल. म्हणून मी सांगायची आन् ते बुडवायचं. समोर गिऱ्हाईक असलं तरी मी पुटपुटायची, गूळ, गूळ, वांगं. गिऱ्हाइकाला वाटायचं लोहारणीचा जीव बाजारात आडकलाय. जंपर झकास निघायला लागलं, किसन खूश, ह्यांचं नाव झालं. मला बरं वाटायचं, पर दारात सावली पडली की आधी थोरलं दीर न्हाईत ना ते बघायची.

मग तो दिवस. किसन सकाळीच आला, म्हणाला, रामभाऊ, तुळईत भोक पाडायचंय, डोक्यावरच्या, लाकडी घोड्यावर उभं ऱ्हाऊन वर तोंड करून ठोकायचंय, चांगला जंपर द्या, घेऊनच जातो. बसला. मालकांनी टोक घडवलं, फुली काढली, आन् मी घण ठेवला तेवढ्यात दारात थोरलं दीर.

तुला म्हाईत हाय, आपल्यात थोरल्या दिरासमोर बाई बोलत न्हाई. पदर घ्यायचा, तोंड फिरवायचं, पाणी द्यायचं ते बी हातात न्हाई, म्होरं ठेवायचं. घण मारायला बंदी न्हाई, काम हाय ते, पर आवाज काढायचा न्हाई. माझ्या लग्नापासनं त्या माणसानं माझा आवाज ऐकलेला न्हवता. मी पदर वढून बाजूला झाले. ते बसलं ऐरणीच्या उशाला, हात फिरवला, म्हणलं, चालू द्या तुमचं.

टोक लाल झालं. बुडवलं, घासलं. मी पदराच्या फटीतनं बघतीया. पिवळा आला. ह्यांनी कान माझ्याकडं केला. मी गप. बांगड्या वाजवल्या, घणाचा दांडा जमिनीवर आपटला, पर त्यातनं त्यांना काय कळणार, पिवळा का वांगी का निळा. थोरलं म्हणलं, कसली वाट बघतुयास रं, रंग तर चढतुया.  भावाच्या म्होरं थांबलं तर कळणार, म्हणून ह्यांनी बुडवलं. पिवळ्यावरच. चर्र आवाज झाला. फडक्यानं पुसून जंपर किसनच्या हातात दिला, आन् वर म्हणलं, घे, ह्याच्यासारखा न्हाई झाला कुटला. किसन उठला, रामराम केला, जंपर हातात धरून उंबऱ्याबाहेर गेला.

मी त्याच्या पाठीकडं बघत व्हते. डोक्यावरची तुळई, वर तोंड. टोक उडालं की कुटं जाणार? त्याची बायको तवा दिवसात व्हती.

मी म्हणलं, किसनभावजी, त्यो जंपर नेऊ नका, फुटंल.

माझाच आवाज मला वळखू आला न्हाई. किसन वळला. थोरल्यांनी मान खाली घातली, जणू मी उघडी पडले. मालक ओरडलं, गोदे, तोंड आवर, थोरलं माणूस बसलंय. मी म्हणलं, बसू द्या, पिवळ्यावर बुडवलंय तुमी. थोरलं खाली बघतच म्हणलं, त्याला दिसत न्हाई का? ते मला इचारलं न्हाई, जमिनीला इचारलं. पर उत्तर मीच दिलं. म्हणलं, न्हाई दिसत, मी सांगते तवा बुडवत्यात.

थोरलं उठलं, किसनच्या हातनं जंपर घेतला, ऐरणीच्या कडंवर टोक आपटलं. येकच घाव. टोकाचा टवका उडाला आन् कुडाच्या मातीत घुसून बसला. किसननं आपल्या तोंडावरनं हात फिरवला, दोन्ही गालांवरनं. थोरलं म्हणलं, रामा, कदीपासनं? आवाजात राग न्हवता, तो आसता तर बरं झालं आसतं. मालक उठलं, पटका डोक्याला गुंडाळला, ऐटीत निघालं, आन् दाराच्या चौकटीला कपाळ आपटलं. स्वोताच्या घराच्या चौकटीला. तसंच रगत पुसत गेलं वड्याकडं.

चार दिसांनी थोरल्यांनी गाडी आणली आन् ऐरण नेली. जाताना मला म्हणलं, पैल्यांदा माझ्याशी बोललं, म्हणलं, बापाचा शब्द हाय, मी लुबाडत न्हाई. मी म्हणलं, म्हाईत हाय. ऐरण उचलली तितं जमिनीत खळगा पडला व्हता, त्यात मालक हात घालून बसलं व्हतं संध्याकाळपतुर.

गावानं सोडलं न्हाई. पाण्यावर बाया म्हणायच्या, ही बघा, हिनं नवऱ्याचं डोळं चावडीवर नेऊन ठेवलं. येक म्हातारी तर म्हणाली, फुटलं आसतं किसनचं नशीब तर फुटलं आसतं, तुझं तर शाबूत ऱ्हायलं आसतं. किसनची बायको बाळंत झाली, त्यानं तांदूळ आणून दिलं. मालकांनी पोतं चाचपलं आन् म्हणलं, तुझं डोळं हायेत ना, मग तूच खा. माझ्याशी बोलणंच तुटलं. ताट फुडं सरकवलं की जेवायचं, पाणी पायजे तर तांब्या वाजवायचा. मी भातलावणीला जायला लागले, रोजानं. घणाची सवय असलेला हात चिखलात हलकाच पडतो, काम जड न्हवतं. घर जड व्हतं.

मागं किसन येक यंत्र दाखवाय घेऊन आला, हातानं फिरवायचं, टोकाला तयार घेतलेला पीळदार दांडा. म्हणाला, रामभाऊ, आता विटेला आन् काँक्रीटला ह्योच चालतो. ह्यांनी टोकावरनं अंगठा फिरवला, लई येळ फिरवला. म्हणलं, दात निराळ्या धातूचा हाय, अंगात बसवलाय. दात कडक, अंग मऊ. ज्यानं केलं त्यानं कडक-मऊचं भांडण मिटवलं. आन् परत दिला.

त्या दिवसानंतर काय झालं मला ठाव न्हाई, पर येका सकाळी म्हणलं, घोटवड्याला न्हे मला. इतक्या दिसांनी माझ्याशी बोललं ते येवढंच. मी काठीचं येक टोक धरलं, दुसरं त्यांनी.  थोरल्यांनी बघितलं आन् ऐरणीपासची आपली जागा सोडून उठलं, म्हणलं, ये रामा, बस, तू सांग, मी ठोकतो. हे बसलं न्हाईत तितं. चाचपत चाचपत भात्याकडं गेलं आन् भात्याची दोरी धरली. आमच्यात भात्यावर बाई बसती, न्हाई तर पोरं. गड्यानं भाता वढला तर लोक हसत्यात. थोरली जाऊ भात्यावरनं उठून उभी ऱ्हायली, तिला कळंना कुटं जावं. थोरल्यांनी तोंड फिरवलं. हे भाता वढायला लागलं, सावकाश, येका लयीत, इस्तू कशी फुलती ते अंगावर येणाऱ्या धगीनं वळखत. मी दारात उभी. मी काठी त्यांच्या हाताला लागंल आशी भिंतीला टेकवून ठेवली. 

आता रोज जात्यात. माझ्याशी कामापुरतं बोलत्यात. मी चुकले आसं ते म्हणत न्हाईत, बराबर केलंस आसं बी म्हणत न्हाईत, आन् मी इचारत न्हाई. किसनची पोरगी चालाय लागलीया, दारावरनं जाती तवा मी तिला हाक मारते. बाई, तुझ्या घरात कुणाला कुणाच्या डोळ्यानं बघायची पाळी येऊ नये, आन् आलीच तर बोलायला तोंड मोकळं आसावं, येवढंच माझ्या तोंडचं घे. उठते आता. दिवस कलायच्या आत निघाय पायजे, त्यांना आणायचंय, आन् घोटवड्याची वाट येताना सगळी दगडाची हाय.